शिळ्या पाण्यावरची झाडे

लातूरला त्या काळी कोणाच्या घरी गेले, की चहाच्या आधी घरातला मुलगा किंवा मुलगी समोर उभी केली जाई आणि नावाच्याही आधी तिचा क्रमांक सांगितला जाई. शाळेतला क्रमांक, शिकवणीवर्गातला क्रमांक, रविवारच्या सराव परीक्षेतला क्रमांक. आमच्या महाविद्यालयासमोरचा रस्ता शिकवणीवर्गांनी भरून गेला होता आणि त्यांच्या भिंतींवरून गेल्या वर्षीचे गुणवंत आमच्याकडे टक लावून पाहत. मला या सगळ्याचा तिटकारा नव्हता. मी स्वतः क्रमांकांवरच वर आलेली मुलगी होते. कंधारची शाळा, नांदेडला रसायनशास्त्रात एम.एस्सी., आणि लगेच लातूरला अधिव्याख्याता. पीएच.डी.चा विषय आणि त्यापुढच्या पायऱ्याही मनात ठरवून आले होते.

भूकंप झाला तेव्हा मी शाळेत शिकत होते. कंधारला फडताळातली भांडी वाजली आणि आम्ही सगळे अंगणात आलो, एवढीच माझी त्याच्याशी ओळख. लातूरला आल्यावर कळले, की इथे कोणतीही गोष्ट सांगताना ती भूकंपाच्या आधीची की नंतरची हे प्रथम सांगावे लागते. शिकवणीवर्गांची भरभराट ही नंतरची. आमच्या महाविद्यालयाचे मुलींचे वसतिगृहही नंतरचेच.

रुजू होऊन थोडेच दिवस झाले होते, तेव्हा प्राचार्यांनी मला बोलावले. पुढच्या वर्षी मूल्यांकनासाठी बाहेरची मंडळी येणार होती आणि महाविद्यालयाने पर्यावरणासाठी काय केले, हा प्रश्न ती विचारणार होती. खरे उत्तर ‘काही नाही’ असे होते.

“मॅडम, तुम्ही तरुण आहात, शास्त्राच्या आहात आणि अजून कोणत्याच समितीत नाही,” प्राचार्य म्हणाले. “पर्यावरण समिती तुमची.”

“सर, हे काम वनस्पतिशास्त्र विभागाचं नाही का?”

“ते सर निवृत्तीला आलेत. झाड मोठं होईपर्यंत माणूस नोकरीत पाहिजे.”

या तर्कात खोट काढता येईना. मी बाहेर आले तर दारात मराठीच्या बाई उभ्या. त्या मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षक. तिथेच एका खोलीत राहत. त्यांनी सगळे ऐकले होते आणि ते लपवण्याची गरज त्यांना वाटली नाही.

“झाडं लावा, समिती काढा, काय करायचं ते करा,” त्या म्हणाल्या. “माझी विहीर मात्र मेपर्यंत पुरली पाहिजे. तेवढं सांभाळा.”

त्यांची विहीर म्हणजे मागच्या मैदानातली महाविद्यालयाची विहीर. वर्ग, प्रयोगशाळा, वसतिगृह, सगळे तिच्यावर चाले. गेल्या वर्षी होळीच्या सुमाराला तिने तळ दाखवला, टँकरचा भरवसा राहिला नाही आणि वसतिगृह बंद करावे लागले. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा मे महिन्यात. मुलांनी गावात खोल्या घेतल्या. मुलींना खोली घेऊन राहू देणारे पालक तेव्हा विरळा. मुली आपापल्या गावी गेल्या आणि शेवटच्या उजळणीचे दोन महिने घालवून थेट परीक्षेलाच परत आल्या. त्यातल्या काहींचे निकाल कसे लागले, हे बाईंना तोंडपाठ होते.

त्यांतली एक माझ्याच वर्गात होती. मुखेडकडची, उंच, तोंडाने फटकळ. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नाव घालून ती प्रवेश परीक्षेची दुसऱ्यांदा तयारी करत होती. मी ओळख विचारली तेव्हा तिने उभे राहून सांगितले, “रिपीटर हाय, मॅडम. गेल्या साली इहीर आटली म्हनून.” वर्ग हसला. ती हसली नाही. घरच्यांनी तिला एकच वर्ष दिले होते. तेही वसतिगृहात राहणार असेल तरच.

तेव्हा माझ्यापुढे काम काय आहे ते स्पष्ट होते. मैदानात झाडे उभी राहिली पाहिजेत आणि विहीर मेपर्यंत टिकली पाहिजे. ही दोन कामे एकमेकांच्या आड येऊ शकतात, हे मात्र त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आले नाही.

शिक्षककक्षात मी योजना मांडली: प्रत्येक शिक्षकाकडे विद्यार्थ्यांची एक तुकडी, प्रत्येक तुकडीतल्या प्रत्येकाचे एक रोप. सगळ्यांनी माना हलवल्या. माना हलल्या म्हणजे काम होणार नाही, एवढे मला कळू लागले होते. तेवढ्यात पदार्थविज्ञानाचे सर, हे आमच्या कक्षातले सर्वांत बोलके गृहस्थ, बशीतला चहा संपवून म्हणाले, “हुकमानं झाड लागतंय, मॅडम, जगत न्हाई. रँक लावा.”

“झाडांची?”

“मग? दर शनिवारी उंची मोजायची आणि यादी फलकावर. बघा मग कोण घरी बसतंय.”

कक्षात एकदम जीव आला. वाणिज्यच्या विभागप्रमुखांनी खुर्ची पुढे ओढली. जे इंग्रजीचे सर व्हरांड्याची पायरी कधी उतरत नसत, त्यांनी कडुनिंब भरभर वाढतो की करंज, अशी चौकशी केली. मलाही कल्पना पटली. मोजमाप म्हटले की माझे मन लागते. आषाढात खड्डे झाले, रोपे लागली आणि प्रत्येक रोपापुढे परीक्षेच्या आसनक्रमांकासारखी पाटी रोवली गेली.

विद्यार्थ्यांनी पहिल्याच दिवशी नियम विचारून मला हैराण केले.

“मॅडम, पानासकट मोजणार का खोडापुरतं?”

“खोडाच्या शेंड्यापर्यंत.”

“निगेटिव्ह मार्किंग हाय का?”

“नाही.”

“झाड मेलं तर?”

“बाद.”

“म्हंजे एटीकेटी बी न्हाई?”

पावसाळा संपेपर्यंत सगळे गोमटे होते. शनिवारची मोजणी हा मैदानातला बाजारच झाला. एकाने रोप काठीला इतके ताणून बांधले, की ते जमिनीतून सुटू पाहत होते. फेरमोजणीचे अर्ज आले. सीताफळाची जातच बुटकी असते, तेव्हा सीताफळवाल्यांना सवलतीचे गुण मिळावेत, अशी मागणी घेऊन एक शिष्टमंडळ आले. पदार्थविज्ञानाच्या सरांच्या तुकडीचे एक रोप पहिले आले, तेव्हा सरांनी त्या विद्यार्थ्याचा रोपाशेजारी उभा राहिलेला फोटो मोठा करून फलकावर लावला आणि खाली ‘हार्दिक अभिनंदन’ लिहिले. नेमके कोणाचे, हे लिहिले नव्हते.

मुखेडच्या मुलीचा करंज वरच्या क्रमांकांत असे. दिवाळीहून परत येताना तिने एस.टी.तून शेणखताची पिशवी आणली होती. “कंडक्टर म्हनला, खाली उतर. म्या म्हनलं, झाडाचं औषध हाय,” तिने मला मोठ्या अभिमानाने सांगितले. शिक्षक आणि विद्यार्थी एका कामात ओढले गेले होते, यात शंका नव्हती. प्राचार्य पाहुण्यांना मुद्दाम मैदानातून फिरवून आणीत.

संक्रांतीच्या आठवड्यात मराठीच्या बाई तिळगुळाची पुडी घेऊन प्रयोगशाळेत आल्या. पुडी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “गोड बोलायचं असतं आज, म्हणून एवढंच सांगते. चला माझ्याबरोबर.”

त्यांनी मला विहिरीवर नेले. मोटरीच्या नळीचे तोंड जेमतेम पाण्यात बुडाले होते. गेल्या वर्षी ही पातळी होळीच्या तोंडावर आली होती. या वर्षी संक्रांतीलाच. पाऊस कमी झाला नव्हता. वसतिगृहात मुली वाढल्या नव्हत्या.

प्राचार्यांना सांगावे लागले. ते खिडकीतून मैदानाकडे पाहू लागले. “फेब्रुवारीअखेरपर्यंत पाणी खाली जाणं थांबलं नाही, तर होळीआधी वसतिगृह बंद करावं लागेल,” ते म्हणाले. “पालकांना आयत्या वेळी कळवणं बरं नाही.”

संध्याकाळी ही बातमी वसतिगृहात पोचली होती. दुसऱ्या दिवशी तासाला मुखेडची मुलगी मागच्या बाकावर बसली आणि एकही प्रश्न विचारला नाही. तिचे गप्प बसणे मला प्राचार्यांच्या शब्दांपेक्षा जड गेले.

मी तेच केले जे शास्त्राच्या माणसाला करता येते. मोटर सुरू झाल्यापासून पाण्याच्या मागे मागे फिरत राहिले: टाकी, नळ, आणि नळाखालून ते जाते कुठे.

पहिला शोध मैदानातच लागला. मुले झाडांना सकाळी बादली घालीत होती आणि संध्याकाळी बादली. शुक्रवारी तर उजळणीला बसावे तशी सारी मंडळी मैदानात जमे आणि शनिवारच्या मोजणीआधी झाडांना पोटभर पाजले जाई. आमची जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी. अशा जमिनीत कोवळ्या रोपाला रोजची बादली म्हणजे शिक्षा. खाली वाकून पाहिले तर निम्म्या रोपांची पाने पिवळी पडू लागली होती. पिवळ्या पानांवर मुलांनी काढलेला उपाय अर्थातच आणखी एक बादली हा होता. पर्यावरणासाठी लावलेली झाडे विहीर पीत होती, आणि स्वतःही बुडत होती.

दुसरा शोध सकाळी वसतिगृहात. आमच्याकडे काल भरलेले पाणी आज शिळे ठरे. सकाळ झाली की माठ, घागरी, पिंपे पालथी करायची, घासायची आणि ताजे भरायचे. चांगल्या घराची ती खूण. गावात नळाला कधीमधीच पाणी येई, त्यामुळे लोकांनी हा रिवाज नाइलाजाने सोडला होता. आमच्या आवारात स्वतःची विहीर होती, म्हणून तो ऐटीत चालू होता. वसतिगृहाच्या प्रत्येक खोलीतून, शिक्षककक्षातून, कार्यालयातून रोज सकाळी भरलेले माठ गटारात रिते होत.

तिसऱ्या शोधासाठी लांब जावे लागले नाही. प्रयोगशाळेत परत आले आणि ऊर्ध्वपातनाच्या यंत्राजवळ उभी राहिले. शुद्ध पाणी तयार करण्यासाठी त्या यंत्राला थंड ठेवावे लागते. त्यासाठी नळाचे पाणी त्याच्या अंगावरून अखंड वाहत असते आणि कोमट होऊन मोरीत जाते. बाटलीभर शुद्ध पाण्यापायी पिंपे भरतील एवढे स्वच्छ पाणी. पदार्थविज्ञानाचे सर काही तरी मागायला आले होते. माझे तोंड पाहून त्यांनी मोरीकडे पाहिले.

“मॅडम,” ते म्हणाले, “ह्या झाडाला रँक कितवी?”

मी इतकी हसले, की बाजूच्या वर्गातून कोणी तरी डोकावले. हसू ओसरल्यावर डोके मोकळे झाले. पाणी कमी नव्हते. ते चुकीच्या क्रमाने वापरले जात होते.

सोमवारी मैदानात सगळ्यांची सभा घेतली, शिक्षक सावलीत, विद्यार्थी उन्हात. मी सांगितले, की उंचीची यादी आजपासून बंद. नवी यादी लागेल. झाड हिरवे हवे आणि त्याला विहिरीचे ताजे पाणी एक थेंबही मिळालेले नसावे. सकाळी फेकले जाणारे शिळे पाणी, भांड्यांचे विसळवणी, प्रयोगशाळेचे कोमट पाणी एवढेच घालायचे. तेही आठवड्यातून एकदा, आणि बुंध्याशी पालापाचोळा पसरायचा.

“शून्य पाणी दिलं तर पयला नंबर का?” मागून आवाज आला.

“झाड जिवंत असेल तर.”

इंग्रजीच्या सरांना अडचण वेगळीच होती. “शिळं पाणी आपण देवाला घालत नाही, दारी आलेल्याला देत नाही,” ते म्हणाले. “झाडाला घालायचं? मनाला बरं वाटत नाही, मॅडम.”

मी जंतू, क्षार, तापमान असे काही बोलायला सुरुवात करणार होते, तेवढ्यात मराठीच्या बाई उठल्या. त्यांचे गाव भूकंपात गेले होते हे सगळ्यांना माहीत होते. त्या त्याबद्दल बोलत नाहीत, हेही माहीत होते.

“भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडात राहिलो, सर,” त्या म्हणाल्या. “टँकर कधी येईल ते सांगता येत नसे. भरून ठेवलेलं पाणी कालचं की परवाचं, असं कुणी विचारलं नाही. देवालाही तेच घातलं. देव काही बोलला नाही.”

सर म्हणाले, “तसं असेल तर माझा माठ उद्यापासून मीच आणून ओततो.” आणि त्यांनी खरोखरच आणला. धोतराचा सोगा सावरीत, माठ दोन्ही हातांनी धरून व्हरांड्याच्या पायऱ्या उतरणारे सर पाहायला पहिल्या दिवशी अर्धे महाविद्यालय जमले होते.

लातूरच्या विद्यार्थ्यांना कोणताही नियम दिला, की त्यातली फट सापडायला वेळ लागत नाही. आठवडाही झाला नसेल, मुखेडची मुलगी धापा टाकत प्रयोगशाळेत आली.

“मॅडम, कॉमर्सवाले कॉपी करायलेत!”

“झाडात कसली कॉपी?”

“सांजच्याला नळावर ताज्या बादल्या भरून ठिवतात आन सकाळी शिळं झालं म्हनून घालतात! असं तर कुनी बी शिळं करतंय.”

मी डोक्याला हात लावला. वाणिज्य विभागाचे म्हणणे असे पडले, की नियमात तसे कुठे लिहिलेले नाही. ते खरे होते.

“मग काय लिहू?” मी तिलाच विचारले.

ती पुन्हा प्रश्न विचारणारी, उत्तरे देणारी झाली होती. तिने जराही विचार केला नाही. “जे पानी न्हाईतर गटारात गेलं असतं, तेवढंच. असं लिवा. आन खाली लिवा, तपासणी दुसऱ्या डिपार्टमेंटनं करायची. आपलं आपुन तपासलं तर सगळेच पास.”

ती दुरुस्ती फलकावर लागली. त्यानंतर मला देखरेख करावी लागली नाही. विज्ञान वाणिज्यावर लक्ष ठेवी, वाणिज्य कलेवर, आणि सगळे मिळून माझ्या ऊर्ध्वपातनाच्या यंत्रावर. ते यंत्र मी आठवड्यातून एकाच दिवशी चालवू लागले, आणि त्या दिवशी मोरीच्या तोंडाशी बादल्यांची रांग लागे. पदार्थविज्ञानाचे सर रांगेत बादली ठेवून तिच्यावर रुमाल टाकून जात, एस.टी.त जागा धरतात तसे.

विहीर भरली वगैरे काही नाही. फेब्रुवारीत विहीर कधी भरत नसते. ती फक्त खाली जायची थांबली. बाई रोज सकाळी काठावर जाऊन पाहत आणि येताना काही बोलत नसत. त्या काही बोलल्या नाहीत, की मी सुटकेचा निःश्वास टाके. महिनाअखेर आली. प्राचार्य स्वतः विहिरीवर गेले, वाकून पाहिले, आणि परत येऊन पालकांना पाठवायची सूचना टंकलेखकाकडून मागवून फाडून टाकली. त्या दिवशी वसतिगृहात रात्रीच्या जेवणाला कोणीच न सांगता गोड शिरा झाला.

होळी आली आणि गेली. वसतिगृह उघडे राहिले. बारावीची परीक्षा संपली, महाविद्यालय रिकामे झाले, पण मागच्या इमारतीत दिवसभर पाठांतराचा गुंजारव चाले. मुली आता घागरी पालथ्या घालीत नव्हत्या. कालचे पाणीच पीत होत्या. त्यामुळे झाडांच्या वाट्याचे पाणी आटले, आणि एक मुलगी माझ्याकडे तक्रार घेऊन आली, की हल्ली शिळे पाणी मिळणे फार अवघड झाले आहे. मी ती तक्रार शिक्षककक्षात मोठ्याने वाचून दाखवल्यासारखी सांगितली. इतकी चांगली तक्रार माझ्या समितीकडे पुन्हा कधी आली नाही.

मूल्यांकनाची मंडळीही याच सुमारास येऊन गेली. झाडे अजून गुडघ्याएवढीच होती, काही तर मेली होती. पाहुण्यांपैकी एकाने फलकावरची यादी वाचून विचारले, “यात पहिला क्रमांक कशाबद्दल आहे?” इंग्रजीचे सर पुढे झाले आणि त्यांनी शिळ्या पाण्याचे महत्त्व असे काही समजावून सांगितले, की ऐकणाऱ्याला वाटावे, ते जन्मभर हेच शिकवत आले आहेत.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी वसतिगृहावर गेले. मुली अंगणात जमल्या होत्या, कोणी देवाला हात जोडत होती, कोणी सूत्रे पुटपुटत होती, आणि फाटकाशी रिक्षा उभ्या होत्या. बाई प्रत्येकीचे प्रवेशपत्र हातात घेऊन पाहत आणि परत देत होत्या. गेल्या वर्षी या दिवशी फाटकाला कुलूप होते.

मुखेडची मुलगी माझ्याजवळ आली. तिच्या एका हातात पेन, दुसऱ्या हातात तांब्या.

“मॅडम, आज पानी घालायची पाळी माझी हाय. उशीर व्हायलाय. माझ्या करंजाला तुमी घाला.”

“घालते. पेपर नीट सोडव.”

“आन ताजं घालू नका,” ती रिक्षात बसता बसता ओरडली. “कॉमर्सवाले बघायलेत!”

रिक्षा वळल्या. अंगणात एकदम शांतता झाली. मी तांब्यात पाहिले. रात्रभर उशाशी ठेवलेले पाणी, अर्धे प्यायलेले. मैदानात जाऊन तिच्या करंजाच्या बुंध्याशी पाचोळा बाजूला केला आणि ते ओतले. मागे बाई आल्या होत्या. त्यांनी सवयीने विहिरीत वाकून पाहिले.

“आहे,” त्या म्हणाल्या.

एवढे दिवस त्यांच्या तोंडून न निघालेला तो शब्द ऐकून जो आनंद झाला, तसा देणारा माझा कोणताही क्रमांक मला आठवला नाही. मग आम्ही दोघी रिकाम्या वसतिगृहात गेलो आणि मुली दुपारी परत येतील तेव्हा त्यांना प्यायला गार पाणी हवे, म्हणून बाईंनी सगळे माठ भरून ठेवले.